पोलाद कुठे थांबते, निकेल कुठे सुरू होते

पुरस्कर्ता : मिश्र पोलाद आणि निकेलाचे मिश्रधातू यांची तुलना करायची म्हटली की एक तक्ता मांडला जातो, त्यात घनता, ताणबल, कठीणपणा, किंमत असे रकाने असतात, आणि तो तक्ता साध्या खोलीच्या तापमानाचा असल्यामुळे निकालही पोलादाच्याच बाजूने लागतो. निकाल खोटा असतो असे नाही. क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि दीड-दोन टक्के निकेल असलेले ४३४० प्रतीचे पोलाद तापवून तेलात विझवले आणि पुन्हा मंद तापवले, तर त्याचे नतिबल, म्हणजे ज्या ताणापुढे धातू कायमचा वाकतो ती मर्यादा, १००० मेगापास्कलच्या पुढे सहज जाते. इन्कोनेल ७१८ हा नावाजलेला निकेल मिश्रधातू किमतीने कितीतरी पट महाग असूनही साधारण तिथेच, १०३० मेगापास्कलच्या आसपास असतो. घनतेत तो उलट जडच आहे, पोलाद ७.८ तर हा ८.२. ताठपणा दोघांचा जवळजवळ सारखा. एवढे पाहून कोणीही निकेलाच्या वाटेला जाणार नाही. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रासारख्या ठिकाणी मात्र धातू खोलीच्या तापमानाला राबत नाही. महानिर्मितीच्या ५०० मेगावॅटच्या संचांसारख्या बॉयलरमधून वाफ साधारण ५४० अंशांवर आणि १७० बारच्या दाबाने टर्बाइनकडे निघते, आणि शेजारी उभ्या राहिलेल्या ६६० मेगावॅटच्या सुपरक्रिटिकल संचाच्या पिढीत दाब २५० बारच्या घरात व तापमान ५६५ ते ६०० अंशांच्या पट्ट्यात असते. तेथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे : हा धातू या तापमानाला, या दाबाखाली, एक लाख तासांनंतरही आपल्या आकारात राहील काय?

साशंक : प्रश्न योग्य आहे, परंतु त्याचे उत्तर निकेलाच्या गुणगानात दडलेले आहे हे आधी सिद्ध व्हावे लागेल. निकेल १४५५ अंशांना वितळते आणि लोखंड १५३८ अंशांना. जो धातू आधी वितळतो तोच उष्णतेत अधिक टिकतो, हे विधान ऐकणाऱ्याला उलटे वाटले तर दोष ऐकणाऱ्याचा नाही.

पुरस्कर्ता : विधान उलटे वाटते, कारण वितळण्याचा बिंदू येथे फारसा कामाचा नाही, महत्त्व आहे ते अणूंच्या हलण्याला. तापलेल्या धातूवर सतत भार असेल, तर तो नतिबलाच्या कितीतरी खालच्या ताणालाही अतिशय संथपणे लांबत जातो. या लांबण्याला क्रीप म्हणतात, आणि उच्च तापमानाच्या नळ्यांचे आयुष्य हाच क्रीप ठरवतो. वीजकेंद्रातील बहुतेक मिश्र पोलादांची स्फटिकरचना अशी असते की घनाच्या आठ कोपऱ्यांवर अणू आणि मधोमध एक. या रचनेत जागेचा ६८ टक्के भाग अणूंनी व्यापलेला असतो. निकेलाच्या रचनेत कोपऱ्यांसोबत प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर अणू असतो आणि भराव ७४ टक्क्यांवर जातो. सहा टक्क्यांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण दाट रचनेतून अणूंना एका जागेवरून दुसरीकडे सरकणे इतके अवघड होते की, एकाच तापमानाला लोखंडाच्या दोन रचनांमध्ये अणूंच्या सरकण्याचा वेग सुमारे शंभर पटींनी वेगळा भरतो. त्यावर निकेलाची दुसरी देणगी अशी की ॲल्युमिनियम व टायटॅनियम मिसळल्यावर त्याच्या पोटात अतिसूक्ष्म, सुबद्ध कण तयार होतात, ज्यांना गॅमा-प्राइम म्हणतात. हे कण मूळ धातूच्या स्फटिकाशी इतके जुळलेले असतात की ते त्यात घट्ट बसतात, आणि स्फटिकातले दोष त्यांच्यापाशी येऊन अडतात. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये जेट इंजिनाच्या पात्यांसाठी निमोनिक मालिकेतले धातू घडवले गेले ते याच तत्त्वावर.

साशंक : जेट इंजिनाचे पाते तळहाताएवढे असते, त्याची तपासणी ठरलेल्या उड्डाणतासांनी होते आणि ते बदलता येते. वीजकेंद्राचा मुख्य वाफवाहक नळ दहा मजली इमारतीच्या उंचीवरून खाली टर्बाइनपर्यंत येतो आणि त्याने तीसेक वर्षे जागेवर राहावे अशी अपेक्षा असते. या दोन कामांना एकच धातू शोभेल हे गृहीत धरणे धाडसाचे आहे. शिवाय पोलाद स्वस्थ बसलेले नाही. जुन्या संचांमध्ये सव्वादोन टक्के क्रोमियम आणि एक टक्का मॉलिब्डेनमचे पी-२२ हे पोलाद होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत नऊ टक्के क्रोमियमच्या पोलादात व्हॅनेडियम, नायोबियम आणि नायट्रोजन यांच्या चिमूटभर मात्रा घालून जे पोलाद सिद्ध झाले, त्याला आज पी-९१ म्हणतात. ६०० अंशांना एक लाख तासांनी तुटण्यासाठी पी-९१ ला सुमारे ९० मेगापास्कलचा ताण लागतो, तर पी-२२ त्याच्या निम्म्याहून कमी ताणालाच हार मानते. मॉलिब्डेनमचा काही वाटा टंगस्टनला देऊन पी-९२ त्याच्याही थोडे पुढे गेले. यातले निकेल पाहिले तर ते जेमतेम ०.४ टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे निकेलाला जवळपास वगळूनच पोलादाने ६०० अंश गाठले आहेत.

यापुढचा मुद्दा अधिक मूलभूत आहे. पोलाद तापवल्यावर त्याची स्फटिकरचना बदलते आणि थंड होताना पुन्हा बदलते. या दुहेरी पलटीमुळे पोलादाचा भरीव, जाड तुकडासुद्धा आतपर्यंत कठीण करता येतो, आणि हा गुण निकेलापाशी नाही. पी-९१ चे सारे बळ या पलटीतून येणाऱ्या बारीक सुईसारख्या रचनेत आणि तीवर पहारा देणाऱ्या सूक्ष्म कार्बाइड-नायट्राइडांच्या कणांत आहे. या पलटीमुळे त्याला मर्यादाही येते हे मान्य, कारण सुमारे ८०० अंशांपलीकडे रचना पुन्हा उलटते आणि कमावलेले सगळे पुसले जाते; पण दीपनगरच्या वाफेला ८०० अंशांशी काही देणेघेणे नाही.

पुरस्कर्ता : वाफेला नसेल, वेल्डिंग करणाऱ्याला आहे. पी-९१ च्या नळांचा प्रत्येक जोड वेल्डिंगनंतर ७६० अंशांच्या आसपास ठरावीक वेळ तापवून ठेवावा लागतो. जोडाभोवतीची तापवणारी कॉइल कमी तापली तर जोड ठिसूळ राहतो आणि जास्त तापली तर पोलाद मऊ पडते. जोडाची कठीणता साधारण १९० ते २५० ब्रिनेलच्या पट्ट्यात असावी लागते, आणि साइटवर उंच मचाणावर, पावसाळी वाऱ्यात, थर्मोकपल नीट चिकटले आहेत की नाही याची खात्री करत हे काम होते. सारे नियम पाळले तरी वेल्डच्या कडेला, जिथे मूळ पोलाद वितळले नाही पण पलटीच्या तापमानापर्यंत जाऊन आले, तिथे बारीक कणांचा एक मऊ पट्टा उरतोच. वर्षांनंतर तडा जातो तो याच पट्ट्यात. त्याला चौथ्या प्रकारचा तडा म्हणतात. ओव्हरहॉलच्या वेळी पृष्ठभाग घासून, आम्लाने कोरून त्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म दाबतात, आणि त्या फिल्मवर उमटलेला ठसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आत पोकळ्या धरू लागल्या आहेत का ते ठरवतात. पी-२२ मध्ये हा ठसा बऱ्यापैकी प्रामाणिक साक्ष देतो, कारण तिथे बिघाड हळूहळू वर येतो. पी-९१ च्या त्या पट्ट्यात पोकळ्या अनेकदा पृष्ठभागाखाली सुरू होतात, त्यामुळे वरचा ठसा स्वच्छ आणि आत धातू पोखरलेला, असे घडू शकते. स्वस्त पोलादाची ही किंमत किंमतपत्रकात दिसत नाही.

आणि तापमानाच्या मर्यादेला गणिताचा आधार आहे. क्रीपचे आयुष्य आणि तापमान यांचे नाते सांगणारे लार्सन-मिलर यांचे जे सूत्र अभियंते वापरतात, त्यानुसार ५४० अंशांना एक लाख तास टिकणारी नळी सतत ५५० अंशांवर चालली तर तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे, पन्नास हजार तासांवर येते. दहा अंशांत पन्नास हजार तास! बॉयलरच्या आत राख साचून, ज्वाला एका बाजूला झुकून एखाद्या सुपरहीटर नळीचे तापमान दहा अंशांनी वर जाणे ही काही अपवादात्मक घटना नव्हे. तेव्हा मर्यादेच्या काठावर चालणारे पोलाद निवडायचे की मर्यादेपासून लांब असणारा निकेल मिश्रधातू, हा पैशाच्या उधळपट्टीचा नव्हे तर सोसण्याच्या जागेचा प्रश्न ठरतो.

साशंक : सोसण्याची जागा हवी म्हणून निकेल घेतले, तर ती जागा जागा म्हणून राहत नाही, कारण लगेच कोणीतरी वाफ ७०० अंशांवर नेऊ म्हणते. इतिहास तेच सांगतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या एडीस्टोन केंद्राचा पहिला संच १९६० च्या सुमारास सुरू झाला तेव्हा त्याचे वाफेचे तापमान सुमारे ६५० अंश आणि दाब ३४५ बारांच्या आसपास होता. त्यात निकेल मिश्रधातू नव्हते, दाट स्फटिकरचनेचे स्टेनलेस होते. पण दोष त्याच घराण्याचे निघाले : जाड भिंती, उष्णता वाहून नेण्यातला मंदपणा, अधिक प्रसरण, आणि त्यातून तडे. शेवटी तापमान ६१० अंशांच्या आसपास उतरवून संच चालवावा लागला आणि पुढची कित्येक दशके जगभरचे उद्योग त्याच्याही खालीच थांबून राहिले. युरोपने २००० च्या सुमारास ७०० अंशांचा ध्यास घेतला, जर्मनीतील शोल्वेन केंद्रात अलॉय ६१७ या निकेल मिश्रधातूच्या आणि त्याच्या भावंडांच्या नळ्या प्रत्यक्ष वाफेत चालवून पाहिल्या, तेव्हा जाड भिंतींच्या वेल्डमध्ये तडे दिसले. विल्हेल्म्सहाफेन येथे उभारायचे ठरलेले ७०० अंशांचे केंद्र नंतर बासनात गेले. म्हणजे पोलादाच्या वेल्डवर जे आरोप केले गेले ते निकेलाच्या वेल्डवरही आहेतच. फक्त पोलादाचे आरोपपत्र चाळीस वर्षांच्या नोंदींवरून लिहिलेले आहे आणि निकेलाचे अजून लिहिले जात आहे.

पुरस्कर्ता : शोल्वेनचा तडा हा पराभव मानायचा की चाचणीचा हेतू सफल झाला म्हणायचे, यावर मतभेद राहतील, पण त्या तड्यांतूनच जाड जोडांना वेल्डिंगनंतर उष्णतोपचार करण्याचा धडा मिळाला, जो आधी अनावश्यक मानला जात होता. भारतानेही या दिशेचा विचार सोडलेला नाही. भेल, एनटीपीसी आणि कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र यांच्या प्रगत अल्ट्रा-सुपरक्रिटिकल कार्यक्रमाला २०१६ मध्ये केंद्र सरकारने १५५४ कोटी रुपयांची मान्यता दिली. त्यात ८०० मेगावॅटचा संच, ३१० बारचा दाब, ७१०-७२० अंशांची वाफ आणि सुमारे ४६ टक्के कार्यक्षमता असे लक्ष्य मांडले गेले, आणि त्यासाठी ६१७ चा सुधारित प्रकार हैदराबादच्या मिश्र धातु निगममध्ये तयार करण्यात आला. कार्यक्षमतेच्या एकेका टक्क्याचा अर्थ कोळशाच्या रेकमध्ये, म्हणजे मालगाड्यांमध्ये, मोजता येतो. भुसावळ जंक्शनमधून दीपनगरकडे वळणाऱ्या प्रत्येक दहा रेकपैकी एक वाचली तर ते पैसे निकेलाच्या बाजूला मांडावेच लागतील.

साशंक : रेक वाचवायची तर वरचे टोक तापवण्याआधी खालचे टोक थंड करावे. कोणत्याही उष्णता-यंत्राची कमाल कार्यक्षमता दोन तापमानांवर ठरते : ज्या तापमानाला उष्णता आत येते आणि ज्या तापमानाला ती सोडली जाते. वरचे तापमान ५४० अंश आणि खालचे ४५ अंश धरून हिशेब केला, तर खालच्या बाजूचा एक अंश कमी करणे हे वरच्या बाजूचे अडीच अंश वाढवण्याच्या बरोबरीचे निघते. भुसावळचा उन्हाळा सर्वांना माहीत आहे; एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीस ओलांडतो, हतनूर धरणाच्या पाण्यावर चालणारे कूलिंग टॉवर त्या हवेत जेवढे थंड करू शकतात तेवढेच करतात, आणि कंडेन्सरचा व्हॅक्यूम ढासळला की वरच्या टोकाला केलेली कमाई खाली गळते. कंडेन्सरच्या नळ्या साफ ठेवणे, हवेची गळती शोधणे, टॉवरचे फिल बदलणे या कामांना कोणी प्रगत तंत्रज्ञान म्हणत नाही, म्हणून त्यांच्यावर लेखही लिहिले जात नाहीत.

किमतीचे म्हणाल तर ८ मार्च २०२२ रोजी लंडनच्या धातुबाजारात निकेलाचा भाव काही तासांत टनाला एक लाख डॉलरच्या पलीकडे उसळला आणि व्यवहारच थांबवावे लागले. भारतात निकेलाचे साठे ओडिशातल्या सुकिंद्यात आहेत खरे, पण गरज भागते ती आयातीवर, आणि २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या तीस महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत निकेल आहे ते याच कारणाने. जगातले अर्ध्याहून अधिक निकेल आता इंडोनेशियातून येते आणि तिथल्या भट्ट्या मोठ्या प्रमाणात कोळशाच्या विजेवर चालतात. कोळसा वाचवण्यासाठी कोळसा जाळून काढलेला धातू आणायचा, हा हिशेब एकदा पूर्ण मांडून पाहावा.

पुरस्कर्ता : पूर्ण मांडावाच, कारण नळीतले निकेल दशकानुदशके राबते आणि शेवटी भंगारातही भाव मिळवते, तर कोळसा एकदाच जळतो. व्हॅक्यूमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे आणि त्याला उत्तर देण्याची गरज नाही. दोन्ही कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. परंतु एक गैरसमज दूर करावा लागेल. निकेल ही दीपनगरसारख्या केंद्राला बाहेरून आणायची नवलाई आहे असे बोलले जाते, प्रत्यक्षात ते आजही आत आहे. ५०० मेगावॅटच्या बॉयलरमध्ये सुपरहीटर आणि रीहीटरच्या नळ्या उष्ण भागात स्टेनलेसच्या आणि त्याआधी टी-२२ किंवा टी-९१ (पी-२२ आणि पी-९१ यांचीच नळ्यांसाठीची नावे) पोलादाच्या असतात, त्यामुळे एकाच नळीत कुठेतरी दोन धातूंचा सांधा येतो. पोलाद तापले की प्रत्येक अंशाला लांबीच्या दशलक्षांशात बारा-तेरा भागांनी वाढते, स्टेनलेस सतरा-अठरा भागांनी. संच सुरू-बंद होताना हे दोघे त्या सांध्यात एकमेकांना ओढतात. तिथे भरायला निकेलाचीच वेल्डिंग तार वापरतात, कारण तिचे प्रसरण दोघांच्या मध्ये बसते आणि कमी क्रोमियमच्या पोलादातला कार्बन जास्त क्रोमियमकडे पळू पाहतो त्याला ती आडवी येते. बोटाएवढ्या सांध्यात काही ग्रॅम निकेल. सासर-माहेरच्या मध्ये उभ्या असलेल्या मध्यस्थासारखी त्याची भूमिका आहे, आणि असे हजारो सांधे एका बॉयलरमध्ये असतात. टर्बाइनच्या उच्चदाब आवरणाचे बोल्ट अनेक ठिकाणी निमोनिक ८० ए चे असतात, कारण तापलेला बोल्ट सैल पडणे हाही क्रीपचाच प्रकार. तेव्हा पोलाद की निकेल असा विकल्पच मुळात चुकीचा मांडलेला आहे. सीमारेषा केंद्राच्या आतूनच जाते. तिची जागा सरकवायची का आणि कुठे, एवढाच वाद उरतो.

साशंक : वाद असा मांडला तर त्यात भाग घेणे सोपे जाते. कुटुंबांच्या नावांनीही फार दिशाभूल होते. टर्बाइनच्या कमी दाबाच्या रोटरमध्ये साडेतीन टक्के निकेल असूनही ते मिश्र पोलादच असते आणि तेथे निकेल उष्णतेसाठी नाही, चिवटपणासाठी असते, तर अलॉय ८०० मध्ये तीस-पस्तीस टक्के निकेल असून लोखंडच जास्त आहे, आणि त्याला कोणत्या घरात बसवायचे यावर पुस्तकांतही एकमत नाही. मग सीमा सरकवायची तर कोणत्या कारणासाठी? तापमानासाठी असेल, तर खानदेशात जे संच उभे आहेत त्यांचे तापमान ठरून गेलेले आहे. ५४० अंशांच्या बॉयलरला ७०० अंशांचा धातू लावल्याने वाफ अधिक गरम होत नाही.

पुरस्कर्ता : तापमानासाठी नव्हे, तर चढउतारासाठी. इथे केंद्राच्या भोवतीचे जग बदलले आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचाच १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प २०१३ पासून उभा आहे, आणि त्यानंतर राज्यात सौरविजेची भर पडतच गेली. दुपारी ऊन भरात असताना कोळशाच्या संचांना लोड खाली आणावा लागतो आणि संध्याकाळी सूर्य मावळताच झपाट्याने वर न्यावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी कोळशाच्या संचांना किमान ५५ टक्क्यांपर्यंत लोड उतरवता आला पाहिजे असे बंधन घातले आणि पुढे ४० टक्क्यांपर्यंत जाण्याचा टप्पाही आखून दिला. जे बॉयलर महिनोन्महिने एका लोडवर चालावेत म्हणून रचले होते, ते आता रोज तापणार आणि निवणार. अशा वेळी जाड भिंतीचा शत्रू दाब नसतो, आतबाहेरच्या तापमानातला फरक असतो : आतून गरम वाफ आली की आतला थर फुगू पाहतो, बाहेरचा अजून थंड असतो, आणि भिंतीत ताण निर्माण होतो. तापवण्याचा वेग तोच ठेवला तर हा फरक भिंतीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी झाली तर ताण चतुर्थांशावर येतो. ब्रिटनमध्ये जुन्या संचांचे जाड हेडर, म्हणजे अनेक नळ्या जिथे एकत्र येतात ते नळ, काढून पी-९१ चे पातळ हेडर बसवले गेले ते याच हिशेबाने. तापमान तेच होते, चढउतार वाढले होते. पी-२२ च्या जागी पी-९१ आणून जे साधले, तेच पी-९१ च्या जागी निकेल आणून पुढे नेता येते. अलॉय ६१७ ला ७०० अंशांवर जे क्रीप-बळ असते ते साधारणपणे पी-९१ ला ६०० अंशांवर असलेल्याच्या बरोबरीचे. म्हणजे ६०० अंशांवर त्याच दाबासाठी निकेलाची भिंत पोलादाच्या निम्म्याने भागू शकते.

साशंक : वर्गाचा नियम मान्य, पण त्या सूत्रात जाडीशेजारी आणखी दोन राशी आहेत आणि त्या दोन्ही निकेलाच्या विरुद्ध आहेत. खोलीच्या तापमानाला अलॉय ६१७ ची उष्णतावाहकता १३ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, पी-९१ ची त्याच्या दुप्पट. प्रसरणही निकेलाचे थोडे जास्त. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते.

पुरस्कर्ता : पुन्हा खोलीचे तापमान! निकेल मिश्रधातूंची वाहकता तापमानाबरोबर चढत जाते आणि ६०० अंशांना २० च्या पुढे पोहोचते, तर पी-९१ ची वाहकता फारशी हलत नाही. दुपटीचा फरक कामाच्या जागी एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश उरतो. प्रसरणाचा तोटा दहा-बारा टक्क्यांचा. हे सगळे धरूनही चतुर्थांशावर आलेला ताण निम्म्याच्या खालीच राहतो.

साशंक : थंड सुरुवातीच्या वेळी मात्र धातू ६०० अंशांवर नसतो, आणि सर्वांत कठीण ताण त्याच वेळी येतो, तेव्हा तेरा हा आकडा पूर्णपणे पुसता येत नाही. पण समजा हिशेब निकेलाच्या बाजूने झुकला. तरी दीपनगरच्या बॉयलरमध्ये बिघाड कुठे होतो ते पाहावे. भारतीय कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणून नळ्यांच्या बाहेरून होणारे गंजणे युरोप-अमेरिकेच्या मानाने सौम्य; पण राख ३५ ते ४५ टक्के, आणि त्या राखेत क्वार्ट्झचे टोकदार कण. धुरासोबत ते इकॉनॉमायझरच्या, म्हणजे उरलेल्या उष्णतेने पाणी तापवणाऱ्या भागाच्या, नळ्यांवर वर्षानुवर्षे आपटत राहतात, वळणापाशी जिथे वायूचा वेग वाढतो तिथे नळी झिजून कागदासारखी होते आणि एके रात्री ट्यूब लीकेज म्हणून संच बंद पडतो. क्वार्ट्झच्या कठीणतेपुढे पोलाद आणि निकेल मिश्रधातू दोघेही मऊच; त्याच्याशी झुंजायला निकेलाचे दाट स्फटिक काही कामाचे नाहीत, तिथे वायूचा वेग कमी करणारी रचना, शिल्ड आणि कोळशाची धुलाई उपयोगी पडते. इकॉनॉमायझरमधल्या गळतीने थांबणाऱ्या संचाला ६१७ चे हेडर लावणे म्हणजे प्रश्न एका मजल्यावर आणि उत्तर दुसऱ्या मजल्यावर.

पुरस्कर्ता : इकॉनॉमायझरची गळती दोन-तीन दिवसांत दुरुस्त होते. हेडरला तडा गेला तर संच महिने बंद राहतो, आणि मुख्य नळ फुटला तर त्याला केवळ बंद राहणे म्हणता येत नाही, त्यात माणसे जातात. बिघाडाची वारंवारता आणि बिघाडाचे परिणाम वेगळे मोजावे लागतात.

साशंक : मोजावेत, आणि इथेच खरी अडचण आहे. इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, १९५० नुसार ४०० अंशांच्या वर चालणाऱ्या बॉयलरचे उर्वरित आयुष्य एक लाख तासांनंतर तपासावे लागते. एक लाख तास म्हणजे अखंड चालवले तर सुमारे साडेअकरा वर्षे. नियम तासांवर उभा आहे, कारण तो क्रीपच्या काळात लिहिला गेला, जेव्हा संच दिवसरात्र एकाच लोडवर चालत आणि तास हेच आयुष्याचे माप होते. चढउताराने होणारे नुकसान तासांत मोजता येत नाही. ते किती वेळा थंड सुरुवात झाली, किती वेळा लोड निम्म्यावर आला आणि दर मिनिटाला किती अंशांनी, यावर ठरते. आणि क्रीप व चढउतार दोन्ही एकाच धातूवर आले की नुकसान नुसती बेरीज राहत नाही, एक दुसऱ्याला चाल देतो. पी-९१ बाबत या संयुक्त नुकसानाची माहिती बऱ्यापैकी आहे आणि ती दिलासादायक नाही. चक्राकार ताणाखाली ते पोलाद मऊ होत जाते. निकेल मिश्रधातूंबाबत जाड वेल्डसह, खऱ्या वाफेत, रोजच्या चढउताराखाली दोन दशकांची नोंद कुठेच नाही. तेव्हा पुरस्कर्त्याने जो ताण निम्म्याच्या खाली आणून दाखवला तो पहिल्या दिवशीच्या भिंतीचा आहे. पाच हजाराव्या चढउतारानंतरच्या भिंतीचा हिशेब त्यात नाही.

पुरस्कर्ता : तो हिशेब पोलादाच्या बाजूनेही पूर्ण नाही, हे मान्य झाले तर पुरे. निकेलाची नोंद नाही म्हणून पोलाद ठेवायचे, आणि पोलादाची नोंद ज्या एकसुरी लोडवर झाली तो लोड आता राहिलेला नाही हे विसरायचे, हा न्याय एकतर्फी आहे. दोघांपैकी कोणाच्याही बाजूने भूतकाळ साक्षीला येत नाही. म्हणून सूचना एवढीच राहते की पुढच्या मोठ्या ओव्हरहॉलमध्ये सर्वाधिक ताण सोसणारा एखादा हेडर किंवा त्याचा एक भाग निकेल मिश्रधातूचा बसवावा, त्यावर तापमान मोजणारे थर्मोकपल आत आणि बाहेर दोन्हीकडे लावावेत, आणि शेजारच्या पी-९१ च्या हेडरवरही तसेच. एकाच वाफेत, एकाच राखेत, एकाच साक्रीच्या उन्हाखाली दोघांची तुलना होऊ द्यावी.

साशंक : त्या प्रयोगात निकेल आणि पोलाद यांच्यामध्ये जो नवा जाड वेल्ड येईल, तो दोन्ही धातूंच्या नोंदीत नसलेला तिसराच घटक असेल, छोट्या नळीतला काही ग्रॅमचा सांधा चालतो म्हणून हेडरवरचा हाताच्या रुंदीचा सांधा चालेल असे नाही, आणि तडा तिथेच गेला तर त्याचा दोष निकेलाला द्यायचा की पोलादाला, की त्यांना जोडण्याच्या निर्णयाला? प्रयोगाला हरकत नाही. पण तो सुरू करण्याआधी एक ठरवावे लागेल : संच पुढची दहा वर्षे दिवसाला किती वेळा खाली येणार आहे, हे ठरवणार कोण? बॉयलरचा अभियंता ते ठरवत नाही, धातुशास्त्रज्ञ तर नाहीच. ते भारप्रेषण केंद्रात, विजेच्या मागणीवर आणि ढगांवर ठरते, आणि त्या आकड्याशिवाय जाडी, वाहकता, प्रसरण यांतली एकही राशी सूत्रात बसवता येत नाही.

पुरस्कर्ता : तो आकडा कोणी देणार नाही हे गृहीत धरले, तर निवड अशा धातूची करावी लागेल जो चुकीच्या आकड्यालाही सर्वांत कमी दंड देईल. तो कोणता, यावर वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येईल.

साशंक : या वेळी मात्र रकान्यांत कठीणपणा आणि किंमत यांच्याआधी 'दर मिनिटाला अंश' हा रकाना असावा.